रॉडला गणित जुळतं, मोटरला काऊन जुळत नाई?

धुऱ्यावरून | १८ नोव्हेंबर, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातून लिहितो आहे. पोरगी यंदा दहावीला आहे. 'विद्युतधारेचे परिणाम' या धड्यातली गणितं सोडवता सोडवता तिनं विचारलं, बाबा, हे आपल्या घरी मोजता येईल का? मल्टीमीटर माझ्याकडं होता, टाँग टेस्टर (तारेला चिमटा लावून करंट मोजायचं यंत्र) ओळखीच्या वाइंडिंगवाल्याकडून मागून आणला. दोन दिवस आम्ही बापलेक मोजत बसलो. अर्धं जुळलं, अर्धं बिलकूल जुळलं नाही.

पहिले पाणी तापवायचा रॉड. त्यावर १००० वॅट, २३० व्होल्ट असं छापलं आहे. प्लग काढून, रॉड थंड असताना दोन पिनांमध्ये ५३ ओहम आले. मग बादलीत टाकून चालू केला. टाँग टेस्टर आधी पूर्ण वायरीला लावला तर शून्य दाखवत होता. नंतर कळलं की जाणारा अन् येणारा करंट एकमेकाला मारतात. मग वरचं कव्हर सोलून एकच तार चिमट्यात घेतली. संध्याकाळी सात वाजता आमच्याकडं १८२ व्होल्ट होते, करंट ३.४ ॲम्पिअर. १८२ भागिले ३.४ म्हणजे ५३.५ ओहम. पोरगी नाचलीच. पण गुणाकार केला तर ६१९ वॅट. मग हजार वॅट छापलं ते खोटं का?

आता मोटर. कोठ्यावर स्टार्टर आहे, तिथून २२० मीटरवर विहीर. ५ एचपीची थ्री फेज ओपनवेल, म्हणजे विहिरीच्या पाण्यात बसणारी मोटर. स्टार्टरवर दोन फेजमध्ये ३६० व्होल्ट, एका तारेत ९.३ ॲम्पिअर. भागाकार ३८.७ ओहम. मग मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात ठेवले, आणि मोटरकडं जाणाऱ्या दोन तारांमध्ये मल्टीमीटर लावला तर फक्त ६ ओहम! रोध ६ असेल तर ३६० भागिले ६, म्हणजे ६० ॲम्पिअर जायला पाहिजे होते. गेले ९.३.

आणि गुणाकार, ३६० गुणिले ९.३ = ३३४८ वॅट. पाच एचपी म्हणजे ३७३० वॅट. मग मोटर जेवढं काम करते त्याहून कमी खाते असं कसं होईल? पुस्तक चुकलं की आम्ही चुकलो?

जाता जाता, ही मोटर दोन वर्षांत दोनदा जळली आहे. म्हणून हा प्रश्न निव्वळ अभ्यासापुरता नाही.

---

संत्राबाग | रात्री ९.४१

फ्यूज खिशात ठेवले हे वाचून बरं वाटलं. बाकी जाणकार सांगतीलच. बसून आहे.

---

खडूफळा | रात्री १०.०५

मी वर्धा जिल्ह्यात विज्ञान शिकवतो. रॉडचं उत्तर तुमच्या लेकीनं जवळजवळ काढलेलंच आहे.

रॉडच्या अंगात वॅट नसतात, रोध असतो. तुमच्या रॉडचा ५३ ओहम. आत नायक्रोमची तार आहे, ती तापली तरी तिचा रोध फारसा हलत नाही, म्हणून थंड मोजा की गरम, जवळपास तोच आकडा येतो. वॅट किती, हे व्होल्टेज ठरवतं. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. २३० चा वर्ग ५२९००, भागिले ५३, म्हणजे ९९८ वॅट. छापलेलं खरं आहे. १८२ चा वर्ग ३३१२४, भागिले ५३, म्हणजे ६२५. तुम्ही मोजलेल्या ६१९ ला अगदी लागून.

तिला हे दाखवा की व्होल्टेज साधारण २१ टक्के घसरलं, पण पॉवर ३८ टक्के घसरली. वर्गाचा हा परिणाम पाठ्यपुस्तकातल्या गणितात लक्षात येत नाही, बादलीत हात घातला की येतो. १५ लिटर पाणी १८ अंशावरून ४५ अंशापर्यंत तापवायला साधारण १७ लाख ज्यूल लागतात. हजार वॅटला २८ मिनिटं, ६२० वॅटला ४६ मिनिटं. उष्णता बाहेर जाते ती वेगळीच.

---

तुरीचंबन | रात्री १०.१२

म्हणजे थंडीत पोरं शाळेत उशिरा येतात त्याचं कारण आता वर्गमुळासकट सांगता येईल. गुरुजी, मान्य कराल ना?

---

खडूफळा | रात्री १०.१५

वहीत गणित मांडून आणलं तर नक्की मान्य.

---

रिले_आठवर | रात्री १०.५०

मी आयटीआय १९९४ चा, अमरावती जिल्ह्यात वाइंडिंगचं दुकान आहे. मोटरचं सांगतो.

धुऱ्यावरून भाऊ, तुम्ही मोजलेले ६ ओहम खरे आहेत, पण ते निव्वळ तांब्याच्या तारेचे. बंद मोटर ही तारेचं भेंडोळं. ती फिरायला लागली की तिच्याच वाइंडिंगमध्ये लाईनच्या विरुद्ध दाब तयार होतो. समोरून लाईनचे ३६० ढकलतात, आतून मोटर जवळपास तेवढंच परत ढकलते, आणि मधल्या फरकावर करंट जातो. म्हणून व्होल्ट भागिले ॲम्पिअर केल्यावर जे ३८.७ आले तो तारेचा रोध नाही. रॉडला तो भागाकार म्हणजे रोध, मोटरला नाही. पुस्तक चुकलं नाही, पुस्तकातला नियम तारेसाठी आहे अन् तुम्ही तो मशीनला लावला.

याचा पुरावा तुमच्याकडंच आहे. स्टार्टर दाबला त्या क्षणी टाँग टेस्टर पाहा. रोटर उभा असतो, उलटा दाब नसतो, तेव्हा करंट पूर्ण लोडच्या पाच ते सात पट उसळतो. पाच एचपीला ४० ते ५० ॲम्पिअर. तेव्हाही कॉइलचा चुंबकी अडथळा असतो म्हणून तो ६० पर्यंत जात नाही. पाण्यात काही अडकून मोटर फिरलीच नाही तर हा करंट तसाच राहतो आणि मिनिटभरात वाइंडिंग काळं पडतं.

आता गुणाकार. थ्री फेजला व्होल्ट गुणिले ॲम्पिअर पुरत नाही, १.७३२ नं पण गुणायचं, म्हणजे ३ च्या वर्गमुळानं. ३६० × ९.३ × १.७३२ = ५७९९. आणि त्यातला सगळा करंट कामाचा नसतो, काही चुंबक तयार करण्यात जाऊन परत येतो. म्हणून पॉवर फॅक्टरनं, म्हणजे कामाच्या वाट्यानं, पण गुणायचं. तो ०.८५ धरला तर साधारण ४९३० वॅट. हे स्टार्टरवरून निघालेले वॅट. शाफ्टवर ३७३० मिळायला एवढे आत जावेच लागतात. बाकीचे उष्णतेत.

---

काळीमाती | रात्री ११.०८

रिले भाऊ, राग नका मानू, पन मले हे पटलं नाई. गुरुजी म्हन्तात व्होल्टेज कमी तं करंट कमी, वॅट कमी. रॉडचं तसंच झालं. मंग लो व्होल्टेजनं मोटर जळते असं सारे सांगून रायले ते गणितात कसं बसते? करंटच कमी जाईन तं तार तापनच नाई. मी म्हन्तो मोटर जळते ते वाइंडिंगमधे हलका तांबा घालतात म्हून. माया तीन वेळा जळली. तिन्ही वेळा वाइंडिंगवाला म्हने व्होल्टेज, अन् पैसे मीच मोजले.

---

रिले_आठवर | १९ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

काळीमाती भाऊ, राग कशाचा. प्रश्न बरोबर आहे, अन् हलकं काम करणारे असतात हेही खरं. पण गणित मांडतो, तुम्हीच तपासा.

रॉडला कोणी काम सांगितलेलं नाही. जेवढी लाईन येईल तेवढं तापतो. व्होल्टेज कमी झालं तर तो निमूट कमी खातो. मोटरचं तसं नाही. विहिरीतून पाणी साठ फूट वर चढवायचं हे काम ठरलेलं आहे. व्होल्टेज घसरलं म्हणून विहीर उथळ होत नाही. मोटरचा वेगही फार कमी होत नाही, थोडाच पडतो. म्हणजे तिला जवळपास तेवढेच वॅट लागतात. व्होल्ट कमी आणि वॅट तेवढेच, तर वाढणार काय? ॲम्पिअर.

पाच एचपीला आत लागतात समजा ४६६० वॅट. ४१५ व्होल्ट मिळाले तर ४६६० भागिले (१.७३२ × ४१५ × ०.८५), म्हणजे ७.६ ॲम्पिअर. ३४० मिळाले तर ९.३ ॲम्पिअर.

आता तार किती तापते ते करंटच्या वर्गावर. ९.३ चा वर्ग ८६.५, ७.६ चा ५७.८. दीडपट. म्हणजे व्होल्टेज १८ टक्के पडलं तर वाइंडिंगमधली उष्णता दीडपट झाली. आमच्या धंद्यात जुना ठोकताळा आहे की इन्सुलेशनचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. मोटर त्या दिवशी जळत नाही हो. रोज थोडी थोडी भाजते, अन् एक दिवस सोडते. म्हणून कारण सापडत नाही आणि भांडण आपलं दोघांचं होतं.

स्टार्टरमधला रिले यासाठीच आहे, करंट ठरवल्यापेक्षा वाढला की तो मोटर बंद पाडतो. मोटरच्या पाटीवर जो ॲम्पिअर लिहिला तिथंच तो ठेवायचा. माझं इथलं नाव त्यावरूनच. पण मी जिथं जिथं जातो तिथं रिले फिरवून अकरा-बारावर नेलेला असतो, का तर सारखा ट्रिप होतो म्हणून. ट्रिप होतो तेव्हाच तो मोटर वाचवत असतो.

---

काळीमाती | सकाळी ७.१५

आत्ताच पाहून आलो. माया रिले बारावर हाये. काऊन ठेवला होता ते मलेच आठवत नाई. खाली आनला.

---

पळसवाडी | सकाळी ८.०२

एक वेगळं. घरात जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब असेल तर तोही मोजून पाहा. गणितानं २३० चा वर्ग भागिले १०० म्हणजे ५२९ ओहम यायला पाहिजे. थंड बल्बला मल्टीमीटर लावला की ४० च्या आसपास दाखवतो. टंगस्टनची तार पांढरी होईपर्यंत तापली की तिचा रोध दहापटीहून जास्त वाढतो. म्हणूनच बल्ब बहुतेक वेळा बटन दाबतानाच उडायचा, चालू असताना क्वचित.

रॉड, बल्ब आणि मोटर हे तीन एकाच वहीत लिहिले तर पोरीचा प्रकल्प तयार आहे.

---

संत्राबाग | सकाळी ८.२०

तो बल्ब आता मिळतो कुठं? आमच्याकडं फक्त वायरमनच्या सिरीज बोर्डावर उरला आहे.

---

पळसवाडी | सकाळी ८.३१

तिथं तो अजून कामाचा आहे. दुरुस्तीला आलेली वस्तू बल्बासोबत सिरीजमध्ये लावायची. आतून शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, पण करंट अर्ध्या ॲम्पिअरच्या वर जाऊच शकत नाही, कारण मध्ये ५२९ ओहम बसलेले असतात. घरचा फ्यूज वाचतो. ओहमचा नियम न वाचलेला माणूसही तो नियम रोज वापरतो.

---

वाळाताटी | सकाळी ९.४५

विषय निघाला आहे म्हणून कूलरचं लिहिते. आमच्या नागपूरकडं एप्रिल-मे मध्ये कूलरचा शॉक लागून माणसं जातात. लोखंडी बॉडी, खाली पाणी, ओले हात, अनवाणी पाय. मागच्या पिढीत आमच्या घरातही असं एक माणूस गेलं, म्हणून मला हा भागाकार पाठ आहे. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमपर्यंत खाली येतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ ॲम्पिअर. एवढा करंट छातीतून गेला तर हृदय थांबायला पुरे. घरच्या फ्यूजला मात्र ०.२३ ॲम्पिअर म्हणजे काहीच नाही, तो हूं की चूं करत नाही. फ्यूज वायर वाचवतो, माणूस नाही.

माणूस वाचवतो ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळाला की लाईन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढा, निव्वळ बटन बंद करून भागत नाही. रॉडचंही तेच. पाणी तापलं का हे बोटानं पाहायचं तर आधी प्लग बाहेर.

---

रोहीपीडित | सकाळी १०.३०

वाळाताटी ताई, एकदम बरोबर. माझा प्रश्न त्यालाच लागून. २३० व्होल्टनं माणूस मरतो, अन् आमच्या वावराच्या कुंपणाला झटका मशीन लावली आहे ती आठ हजार व्होल्टची. रानडुक्कर, रोही (नीलगाय) अंग लावते अन् पळून जाते, मरत नाही. माझा स्वतःचा हात दोनदा लागला. आठ हजार भागिले हजार म्हणजे आठ ॲम्पिअर. मी जिवंत कसा?

---

खडूफळा | सकाळी ११.१०

फार चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर वॅट या शब्दातच आहे. वॅट म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारी ऊर्जा. किती वेळ, हे त्यात नाही. झटका मशीनचा ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो आणि साधारण सेकंदाला एक. त्या ठोक्यात काही ज्यूलच ऊर्जा सुटते. स्नायूला चटका बसतो, पण हृदयाची लय बिघडायला लागतो तेवढा वेळ करंट टिकत नाही, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हात सोडवून घ्यायला सवड मिळते. घरची लाईन सेकंदाला ५० फेरे करत अखंड वाहते, आणि मूठ आवळली की सुटत नाही.

म्हणून कुणी मशीनचे पैसे वाचवायला कुंपणात सरळ डीपीवरची (ट्रान्सफॉर्मरवरची) लाईन सोडत असेल तर त्याला हात जोडून थांबवा. विदर्भात असं करून वाघ मेले आहेत, शेजारचा शेतकरी मेला आहे, ज्यानं लावली तो स्वतः मेला आहे. गुन्हा तर आहेच.

---

रोहीपीडित | सकाळी ११.२५

समजलं गुरुजी. हे छापून ग्रामपंचायतीत लावतो.

---

ऊर्जाखाण | दुपारी १.१५

मी चंद्रपूरचा. थोडा अभिमानाचा विषय आहे म्हणून सांगतो. पॉवर फॅक्टर, १.७३२ वगैरे काही न लावता निव्वळ व्होल्ट गुणिले ॲम्पिअर करायचं असेल तर सगळ्यात मोठं उदाहरण आमच्या दारात आहे. चंद्रपूर ते मुंबईकडचं पडघे ही ७५२ किलोमीटरची डीसी लाईन, १९९९ पासून चालू. क्षमता १५०० मेगावॅट, एक तार अधिक ५०० किलोव्होल्टची, दुसरी वजा ५०० ची, म्हणजे दोघींमधला दाब दहा लाख व्होल्ट. १५० कोटी वॅट भागिले दहा लाख व्होल्ट = १५०० ॲम्पिअर. एवढाच करंट. तुमच्या मोटरच्या १६० पट फक्त!

हीच वीज २३० व्होल्टवर न्यायची म्हटली तर ६५ लाख ॲम्पिअर लागले असते. ते वाहून नेणारी तार या जगात कुणाकडं नाही.

---

काळीमाती | दुपारी १.४०

वीज आमची, कोळसा आमचा, अन् लाईन चालली पडघ्याले. अन् धुऱ्यावरून भाऊच्या घरी १८२.

---

ऊर्जाखाण | दुपारी २.०५

तुमचा त्रागा खरा आहे भाऊ, पण ते १८२ पडघ्यामुळं नाही. ते गावातल्या शेवटच्या एक-दोन किलोमीटरमुळं. तोच गुणाकार उलटा करून पाहा. वीज ११ किलोव्होल्टवर वावरापर्यंत आणली तर ४१५ च्या मानानं करंट २६ पटीनं कमी, आणि तारेत वाया जाणारी पॉवर करंटच्या वर्गानं, म्हणजे सातशे पटीनं कमी. म्हणून दोन-तीन शेतकऱ्यांना मिळून एक छोटी डीपी वावराजवळच बसवण्याची योजना निघाली. जिथं बसली तिथं फरक पडला. लांबच लांब ४१५ च्या तारा ओढल्या की शेवटच्या माणसाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. नियमानं घरगुती लाईनला २३० च्या सहा टक्के वरखाली चालतं, म्हणजे २१६ ते २४४. १८२ हे तक्रार करण्यासारखंच आहे. तारीख-वेळ लिहून आठ दिवसांचे आकडे जोडा, निव्वळ 'व्होल्टेज कमी आहे' एवढं लिहू नका.

---

डिओउडाला | दुपारी ३.३०

मी लाईनवरच काम केलं आहे, आता निवृत्त. एक गोष्ट कोणी बोललं नाही. ऑटोस्विच.

लाईन आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून सगळ्यांनी ऑटोस्विच लावले आहेत. मला कळतं, रात्री बाराला लाईन येते, थंडीत साप-विंचवातून वावरात कोण जाईल. पण १०० केव्हीएच्या डीपीचा पूर्ण भार म्हणजे फक्त १३९ ॲम्पिअर. १५ मोटरी चालू असतील तर १५ × ७.६ = ११४. डीपी आरामात ओढते. आता रिले भाऊंनी सांगितलेला सुरुवातीचा करंट घ्या, ४५ धरू. १५ × ४५ = ६७५ ॲम्पिअर, एकाच क्षणी. मग व्होल्टेज इतकं खाली बसतं की एकही मोटर वेग घेत नाही, सगळ्याच कण्हत राहतात, आणि डिओ, म्हणजे डीपीचा खांबावरचा फ्यूज, उडतो. उडाला नाही तर डीपी जाते, मग नवी येईपर्यंत हरभरा वाळतो.

आम्ही एका गावात पंधरा जणांना बसवून ठरवून घेतलं. ज्याच्या स्विचमध्ये वेळ लावायची सोय आहे त्यानं दहा दहा सेकंदांच्या फरकानं लावायची. पहिला दहा सेकंदांनी, दुसरा वीस, असं. त्या हंगामात एकदाही डिओ बांधायला खांबावर चढलो नाही.

---

तुरीचंबन | दुपारी ४.००

डिओउडाला काका, हे सोन्यासारखं सांगितलं. आमच्या डीपीवर अकरा जण आहेत. रविवारी सगळ्यांना चहाला बोलावतो.

---

माळरान_बाई | सायंकाळी ५.१०

कपॅसिटरचं कुणीतरी सांगा ना. आमचे म्हणतात की तो लावला की मोटर कमी करंट घेते, म्हणून जळत नाही.

---

रिले_आठवर | सायंकाळी ६.४५

ताई, अर्धं बरोबर. चुंबक तयार करायला जो करंट जाऊन येऊन करतो तो कपॅसिटर जागच्या जागी पुरवतो. त्यामुळं कपॅसिटरपासून डीपीपर्यंतच्या तारेतला करंट कमी होतो. पाच एचपीला साधारण ७.६ चा ६.६ होतो. सगळ्यांनी लावले तर डीपीवरचं व्होल्टेज सुधारतं, त्याचा फायदा तुमच्या मोटरला मिळतो. पण कपॅसिटरच्या पुढं, मोटरच्या आत, करंट होता तेवढाच. स्टार्टरजवळ मोजला तर कमी दिसतो, मोटरजवळ मोजला तर तोच. लावा, नक्की लावा, पण सगळे मिळून लावा. मेन बंद केल्यावर लगेच हात लावू नका, त्यात चार्ज उरतो.

आता मूळ प्रश्नाकडं. धुऱ्यावरून भाऊ, मला तुमचे ६ ओहम सकाळपासून खटकत आहेत. पाच एचपीचं वाइंडिंग मी भरतो तेव्हा दोन टोकांत ३ च्या आसपास येतात. तुम्ही मोजलं स्टार्टरवर, म्हणजे २२० मीटर केबल धरून. केबल कोणती? अन् तिन्ही जोड्या मोजा, लाल-पिवळा, पिवळा-निळा, लाल-निळा. आधी मल्टीमीटरची दोन्ही टोकं एकमेकाला लावून किती दाखवतो ते पाहा, तेवढं वजा करा.

---

धुऱ्यावरून | २० नोव्हेंबर, दुपारी १२.१५

एवढे प्रतिसाद! सगळे पोरीला वाचून दाखवले. झटका मशीनचं तिनं वहीत उतरवून घेतलं.

रिले भाऊ, केबल तांब्याची, अडीच स्क्वेअर एमएम. मल्टीमीटरची टोकं जोडली तर ०.३, ते वजा केलं. लाल-पिवळा ६.०, पिवळा-निळा ६.८, लाल-निळा ६.८. विहिरीवर जाऊन मोटरचं कनेक्शन सोडवून निव्वळ मोटरही मोजली. तिन्ही जोड्या ३.०, बरोबर.

---

रिले_आठवर | दुपारी १२.४०

सापडलं भाऊ. मोटर चांगली आहे, तिन्ही सारखे आहेत.

अडीच एमएमच्या तांब्याचा २२० मीटरला रोध दीड ओहम. दोन तारा म्हणजे ३. मोटरचे ३ धरून ६. लाल-पिवळा हिशोबाला बसला. निळा ज्या ज्या जोडीत आहे तिथं ०.८ जास्त. म्हणजे निळ्या तारेत कुठंतरी ०.८ ओहम फुकटचे बसले आहेत. तांब्यात असं होत नाही, जोडात होतं. निळ्या फेजला जोड आहे का कुठं?

आणि त्या जोडात काय होत असेल पाहा. ९.३ चा वर्ग गुणिले ०.८ = ६९ वॅट. सोल्डरिंगच्या आयर्नपेक्षा जास्त, तेही नखाएवढ्या जागेत, रोज आठ तास. त्यात निळ्या फेजला व्होल्टेज कमी, म्हणून तीन फेज असमान, म्हणून मोटर आणखी तापते. असमान फेज वाइंडिंगला निव्वळ कमी व्होल्टेजपेक्षा वाईट.

---

वाळाताटी | दुपारी १.०५

तीन आकड्यांवरून कोणती तार ते कळलं! हे दहावीच्या पेपरात विचारायला पाहिजे.

---

खडूफळा | दुपारी १.२०

तीन समीकरणं, तीन अज्ञात. मी सहामाहीला नक्की विचारणार. ओहम स्वतः कोलोनच्या शाळेत मास्तर होता, कुलूप बनवणाऱ्याचा मुलगा. १८२७ मध्ये नियम मांडला तर बऱ्याच विद्वानांनी मानला नाही, लंडनच्या रॉयल सोसायटीचं पदक मिळायला १८४१ उजाडलं. त्याला हा निळ्या तारेचा शोध फार आवडला असता.

---

धुऱ्यावरून | २१ नोव्हेंबर, रात्री ८.३०

जोड सापडला. नाल्याच्या काठी, जिथं मागच्या साली डवरणीच्या वेळी केबल तुटली होती. मी स्वतः पिळा मारून टेप गुंडाळला होता. उकरून पाहिलं तर निळ्याचा टेप वितळून काळा झाला होता, तार हिरवी पडलेली, हातानं ओढली तर निघूनच आली. लाल अन् पिवळ्याचे जोड थोडे पुढं होते, ते बरे होते.

वायरमनकडून तिन्ही जोड नळी दाबून पक्के करून घेतले, वरून वॉटरप्रूफ टेप. पुन्हा मोजलं, तिन्ही जोड्या ६.०. आज दुपारी लाईन होती तेव्हा तिन्ही तारांत ९.३, ९.३, ९.२. आधी मी फक्त एकच तार मोजली होती, तिन्ही मोजल्या असत्या तर तेव्हाच कळलं असतं.

पोरीनं पुढचा हिशोब स्वतः केला. केबलच्या एका तारेत ९.३ चा वर्ग गुणिले दीड, म्हणजे १३० वॅट, तिन्ही तारांत ३९०. म्हणजे आमचे जवळपास ४०० वॅट रोज २२० मीटर मातीला गरम करण्यात जातात, अन् कोठ्यावरच्या ३६० पैकी मोटरला ३४० पोचतात. सहा एमएमची केबल टाकली तर रोध दीडचा ०.६३, वाया जाणारे साधारण १६० वॅट. कापूस विकला की टाकतो. तोवर रिले आठवर आणून ठेवला आहे. आज दोनदा ट्रिप झाला, तेव्हा व्होल्टेज ३३० होतं. ट्रिप झाला तशी मोटर बंदच ठेवली.

एक राहिलंच. तिचं म्हणणं आहे की रॉडनं पाणी तापायला लागणारा वेळ थर्मामीटर लावून रोज सात वाजता मोजायचा, म्हणजे त्यावरूनच व्होल्टेज काढता येईल, मल्टीमीटर लागणार नाही. जमेल का गुरुजी?

---

खडूफळा | रात्री ८.५५

जमेल. बादली झाका, पाणी लिटरनं मोजून घ्या, आणि अधूनमधून ढवळा. ढवळायच्या आधी प्लग काढायचा, हे तिला माझ्याकडून सांगा. महिनाभराचे आकडे इथं टाका.